दोन शाकुंतले

कलाकृतीचा निवाडा कोणी करावयाचा, जाणत्यांनी की जनतेने? कालिदासाने दोघांनाही मान दिला आहे. ‘शाकुंतला’च्या प्रारंभी त्याचा सूत्रधार विद्वानांचे समाधान होईपर्यंत आपल्या प्रयोगावर भरवसा ठेवीत नाही, ‘मालविकाग्निमित्रा’त मात्र भिन्न रुचीच्या लोकांना एकत्र रिझविणारी कला म्हणून नाट्याचा गौरव आहे.

मराठीत या दोन कसोट्या ‘शाकुंतला’लाच लागल्या. परशुरामपंत गोडबोले यांचे भाषांतर १८६१ साली झाले. विद्वानांनी त्याचा आदर केला. पण ते राहिले वाचकांच्या हाती. लोक गर्दी करीत ती विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सुरू केलेल्या वळणाच्या पौराणिक खेळांना. त्यांतील राक्षसांच्या आरोळ्या ऐकून सुशिक्षित त्यांना ‘तागडथोम’ म्हणून हिणवीत.

ही दरी अण्णासाहेब किर्लोस्करांनी बुजविली. धारवाडी-बेळगावी मुलखातला हा गृहस्थ सरकारी कचेरीत नोकरीस होता. माझ्यासारख्या सरकारी नोकराला याचे विशेष कौतुक वाटते. पारशी मंडळींची ‘इंद्रसभा’ पाहून त्यांना संगीत नाटकाची स्फूर्ती झाली, असे सांगतात. साकी, दिंडी आणि कानडी पदांच्या चालींवर त्यांनी कालिदास गाता केला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगले, आणि शास्त्री व व्यापारी एकाच नाटकगृहात बसू लागले.

नोकरीनिमित्त कृष्णराजनगरास राहू लागल्यावर या कथेचा दुसरा अर्धा भाग मला उमगला. येथून जवळच, म्हैसूरच्या दरबारात, बसवप्पाशास्त्र्यांनी राजवाड्याच्या नाटकमंडळीसाठी ‘शाकुंतल’ कानडीत आणले आणि ‘अभिनव कालिदास’ ही पदवी मिळविली. योगायोग असा, की किर्लोस्कर आणि शास्त्रीबुवा दोघेही १८४३ साली जन्मलेले. एकाला राजाचा आश्रय होता. दुसऱ्याचा आश्रयदाता तिकीट काढणारा प्रेक्षक.

यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच मला गैर वाटतो. विद्वानांनी कालिदास शतकानुशतके जपला नसता, तर किर्लोस्करांच्या हाती काय आले असते? आणि किर्लोस्करांनी त्याला चाल दिली नसती, तर सामान्य मराठी माणसाच्या ओठी तो कधी आला असता? १८८२ चे त्यांचे ‘सौभद्र’ आजही रंगभूमीवर येते आणि अभ्यासकही त्यावर आदराने लिहितात. टाळी त्याच रात्री पडते, पंडितांची मान सावकाश डोलते. टिकणाऱ्या कलाकृतीला दोहोंची वाट पाहावी लागते.