दारूची टंचाई आणि जुन्नर प्रांत

ओझरच्या विघ्नहर मंदिराचे सुवर्णशिखर परंपरेने चिमाजी अप्पांच्या वसईविजयाशी (१७३९) जोडले जाते. वसईचा तट ज्या दारूने फुटला, तिची आठवण मात्र कोणी ठेवीत नाही. दारूस सोरा, गंधक व कोळसा लागे. कोळशाची अडचण नव्हती. एका झाडाचा न मिळाल्यास दुसऱ्याचा चाले. सोरा खारट मातीतून काढता येई. परंतु उत्तम सोरा बिहारचा, आणि त्याचा मक्ता १७५८ मध्ये इंग्रज कंपनीने मिळविला. गंधक तर बाहेरूनच यावयाचा. त्यास पर्याय नव्हता. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, १७६५-६६ मध्ये, ओतूर तर्फेतील आंबेगव्हाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना निघाला. त्याचे कौतुक बेतानेच करावे. गोळे घरी ओतले गेले, पण दारूची परावलंबिता त्याने सरली नाही.