शंका कुठे गळाली?

सप्टेंबर २००२. लंडनच्या व्हाइटहॉलवर, ब्रिटिश संरक्षण खात्याच्या एका इमारतीत तुम्ही उभे आहात. लष्करी गुप्तवार्ता विभागाची ही खोली. रासायनिक, जैविक आणि आण्विक अस्त्रांचा अभ्यास करण्यात ज्यांची हयात गेली, अशी माणसं इथे बसतात. त्यांचे प्रमुख आहेत डॉ. ब्रायन जोन्स. तुम्ही कुणाला दिसत नाही, पण टेबलावरचा प्रत्येक कागद तुम्हाला वाचता येतो.

ऑगस्टअखेर आलेली एक खबर वाचा. इराकच्या सद्दाम हुसेनच्या सैन्याला रासायनिक आणि जैविक मारा २० ते ४५ मिनिटांत सज्ज करता येतो, असं ती सांगते. एका खबऱ्याने एका इराकी लष्करी अधिकाऱ्याचं बोलणं पुढे कळवलेलं आहे. म्हणजे ऐकीव गोष्टीवरची ऐकीव गोष्ट. अस्त्र नेमकं कोणतं? वेळ कुठपासून मोजायची? तज्ज्ञ हे प्रश्न विचारतात, आणि खबरीत त्यांचं उत्तर नाही. ती रणांगणावर जवळून डागायच्या दारूगोळ्याबद्दल असावी, दूरवर जाणाऱ्या क्षेपणास्त्रांबद्दल नव्हे, असं जाणकारांना वाटतं.

१९ सप्टेंबरला जोन्स वरिष्ठांना लेखी कळवतात की इराकच्या अस्त्रांबद्दल प्रसिद्ध होऊ घातलेल्या सरकारी पुस्तिकेतली भाषा पुराव्याच्या पुढे गेली आहे. तुम्ही पाहताय, शंका नोंदवली गेली. सही, तारीख, सगळं आहे. उत्तर येतं की आणखी एक अतिगुप्त अहवाल आला आहे, त्यात सगळं स्पष्ट आहे. पण तो अहवाल या तज्ज्ञांना दाखवला जात नाही. पुढे तो मागे घेतला जाणार आहे. आज हे कुणालाच माहीत नाही.

काही मिनिटं चालत दहा डाउनिंग स्ट्रीटला या. इथे पुस्तिकेचे मसुदे फिरताहेत. लेखनाची जबाबदारी संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष जॉन स्कार्लेट यांच्यावर आहे. पंतप्रधानांचे प्रसिद्धिप्रमुख ॲलस्टेर कॅम्पबेल त्यांना कळवतात की ४५ मिनिटांचं विधान सारांशात ठाम आहे, आत मात्र ते कदाचित, बहुधा अशा अंगाने येतं. उत्तर येतं, भाषा घट्ट केली आहे. पंतप्रधानांचे मुख्य सहायक जोनाथन पॉवेल १७ सप्टेंबरच्या ईमेलमध्ये लिहितात की या मजकुरातून सद्दामचा धोका सिद्ध होत नाही, मग तो तातडीचा असल्याचं दूरच. दोनच दिवसांनी तेच विचारतात, प्रसिद्धीच्या दिवशी संध्याकाळच्या दैनिकाचा मथळा काय असेल आणि आपल्याला तो काय हवा आहे?

प्रस्तावनेच्या एका मसुद्यावर थोडं थांबा. सद्दाम लंडनवर अणुहल्ला करू शकेल असा आमचा दावा नाही, तो तसं करू शकत नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. छापील प्रस्तावनेत हे वाक्य नाही. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या सहीखाली उरतं ते असं की सद्दाम रासायनिक आणि जैविक अस्त्रं बनवत राहिला आहे, हे निःसंशय सिद्ध झालं आहे.

आता तुमचं अदृश्य असणं संपलं. २४ सप्टेंबर २००२, तुम्ही मजूर पक्षाचे खासदार आहात. उन्हाळ्याच्या सुट्टीतून संसद खास बोलावली आहे आणि सकाळीच ५० पानांची पुस्तिका हातात पडली आहे. ४५ मिनिटांचा दावा तीत चार वेळा येतो. संध्याकाळच्या दैनिकात तोच मथळा आहे. मतदारसंघातून फोन येतात, लोक विचारतात, आपण सुरक्षित आहोत ना?

१५ फेब्रुवारी २००३. युद्ध नको म्हणणारे लाखो लोक लंडनच्या रस्त्यांवर उतरले आहेत. ७ मार्चला संयुक्त राष्ट्रांचे तपासप्रमुख हान्स ब्लिक्स सुरक्षा परिषदेला सांगतात की इराकमधल्या अस्त्रतपासणीचं उरलेलं काम वर्षांचं नाही आणि आठवड्यांचंही नाही, काही महिने पुरतील. त्याच दिवशी ब्रिटनचे ॲटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ युद्धाच्या कायदेशीरपणावर १३ पानी सल्ला देतात. त्यात दोन्ही बाजू आहेत. सुरक्षा परिषदेचा नवा ठराव घेणं हाच सर्वांत सुरक्षित मार्ग, असंही म्हटलेलं आहे. तो संपूर्ण सल्ला मंत्रिमंडळासमोर येत नाही. १७ मार्चला संसदेत येतं ते एक छोटं लेखी उत्तर: युद्ध कायदेशीर आहे.

त्याच रात्री रॉबिन कुक सभागृहात उभे राहतात. चार वर्षं ते परराष्ट्रमंत्री होते, आता मंत्रिपदाचा राजीनामा देऊन मागच्या बाकांवरून बोलत आहेत. सर्वसाधारण अर्थाने ज्यांना महासंहारक अस्त्रं म्हणतात, शहरावर डागता येतील अशी, ती इराककडे बहुधा नाहीत, असं ते सांगतात. भाषण संपल्यावर खासदार टाळ्या वाजवतात. या सभागृहात तशी प्रथा नाही.

१८ मार्चची रात्र. मतदानाची घंटा वाजते. तुमच्याजवळ काय आहे ते मोजा. पुस्तिका आहे, छोटं लेखी उत्तर आहे, पंतप्रधानांचा शब्द आहे. जोन्स यांचं टिपण तुमच्याजवळ नाही. पॉवेल यांचा ईमेल नाही. गोल्डस्मिथ यांची १३ पानं नाहीत. युद्धाची गरज अजून सिद्ध झालेली नाही, अशी उपसूचना ३९६ विरुद्ध २१७ मतांनी पडते. तिच्या बाजूने तुमच्याच पक्षाचे १३९ खासदार उभे राहिले. मग मूळ ठराव ४१२ विरुद्ध १४९ असा मंजूर होतो. दोन दिवसांत बगदादवर बाँब पडू लागतात.

पुढची वर्षं भराभर सरू द्या. इराकमध्ये अस्त्रांचे साठे सापडत नाहीत. जुलै २००४ मध्ये लॉर्ड बटलर यांची समिती सांगते की ४५ मिनिटं नेमकी कशाबद्दल, हे स्पष्ट केल्याशिवाय तो दावा छापायला नको होता. ऑक्टोबरमध्ये परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ संसदेत सांगतात की ती खबर मागे घेतली आहे. २००९ मध्ये सुरू झालेली सर जॉन चिलकॉट यांची चौकशी ६ जुलै २०१६ ला २६ लाख शब्दांचा अहवाल देते: शांततेचे मार्ग संपले नव्हते आणि गुप्तचरांचे अंदाज जितक्या खात्रीने मांडले गेले, तितकी खात्री त्यांत नव्हती. तोवर १७९ ब्रिटिश सैनिक आणि, याच अहवालानुसार, २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी माणसं मेलेली असतात.

या सगळ्या चौकशांतून सरकारने जाणूनबुजून खोटी खबर रचल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणूनच हे प्रकरण इतकं गंभीर आहे. तज्ज्ञाने शंका लिहिली, समितीने भाषा घट्ट केली, प्रसिद्धिप्रमुखाने सुसंगती मागितली, पंतप्रधानांनी आपली खात्री वर चढवली. धान्य पाखडताना फोल उडवावं तशी प्रत्येक पायरीवर शंका उडाली, आणि दाणा होता तो तीच. गुप्तचराचा सल्ला म्हणजे अंदाज आणि त्या अंदाजाचं वजन. वजन झाकून अंदाज सांगणारा नेता खोटं बोलत नसेल, पण तो प्रामाणिकही नसतो.

हा हिशेब आपल्यालाही लागू आहे. १९६२ मध्ये आपण सीमेवर पुढे पुढे ठाणी उभारली, ती चीन मोठं युद्ध करणार नाही या अंदाजावर. अंदाज चुकला, चीनने युद्ध केलं आणि आपण हरलो. त्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी केली. सप्टेंबर १९६३ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी लोकसभेत त्यावर निवेदन केलं आणि गुप्तवार्ता गोळा करण्याचं काम समाधानकारक नव्हतं, हे मान्य केलं. मूळ अहवाल मात्र सरकारने अधिकृतपणे अजून खुला केलेला नाही. ब्रिटनने उशिरा का होईना, आपली चूक स्वतःच्या नागरिकांपुढे छापून ठेवली. आपणही तो अहवाल मागायला हवा. आणि पुढच्या वेळी कुणी व्यासपीठावरून युद्धाची निःसंशय कारणं सांगू लागला, तर आपल्या खासदाराला एकच विचारा: ज्या तज्ज्ञाला शंका होती, त्याचं टिपण तुम्ही वाचलंत का?