अमेरिकेतली किराणा कूपनं: ‘स्टॅकिंग’, ‘बोगो’, ‘रेन चेक’ म्हणजे काय?

भरगच्च ट्रॉली, हातात कूपनांचा गठ्ठा आणि शेवटी अगदी किरकोळ बिल. अमेरिकेतल्या ‘कूपनिंग’चे असे रील्स सोशल मीडियावर नेहमी दिसतात. त्यातलं गणित सोपं आहे, अडतं ते शब्दांपाशी. सूट नेमकी कोण देतं हे कळलं की बहुतेक शब्द उलगडतात.

मॅन्युफॅक्चरर कूपन आणि स्टोअर कूपन
पहिलं वस्तू बनवणारी कंपनी काढते. दुकान ग्राहकाला सूट देतं आणि ती रक्कम कंपनीकडून वसूल करतं. दुसऱ्याची सूट दुकान स्वतःच्या खिशातून देतं.

स्टॅकिंग
एकाच वस्तूवर ही दोन्ही कूपनं लावणं. समजा, टूथपेस्ट ३ डॉलरची आहे. कंपनीचं १ डॉलरचं आणि दुकानाचं ५० सेंटचं कूपन लावलं, तर ती दीड डॉलरला पडते. अनेक दुकानांत हे चालतं. एका वस्तूवर कंपनीची दोन कूपनं मात्र सहसा चालत नाहीत.

बोगो
‘बाय वन, गेट वन’. दुसरी वस्तू मोफत असेलच असं नाही. ती निम्म्या किमतीत असेल, तर दोन सारख्या वस्तूंवर एकूण सूट २५ टक्केच होते.

रेन चेक
ऑफरमधला माल संपला, तर नंतर त्याच दरात देण्याची दुकानाची चिठ्ठी. पावसामुळे बेसबॉलचा सामना थांबला की प्रेक्षकांना पुढच्या सामन्यासाठी मिळणाऱ्या तिकिटावरून हा शब्द आला.

कॅटलिना
बिलाच्या वेळी काउंटरवर छापून मिळणारं, पुढच्या खरेदीसाठीचं कूपन.

सर्वांत जास्त घोळ कुठे होतो?
‘पर परचेस’ म्हणजे प्रत्येक नगाला एक कूपन, ‘पर ट्रान्झॅक्शन’ म्हणजे अख्ख्या बिलाला एक. चार साबण आणि चार कूपनं असतील, तर पहिल्या नियमात चारही चालतात, दुसऱ्यात एकच.

बनावट कूपनांपासून सावध
कूपन बनावट निघालं तर कंपनी दुकानाला पैसे नाकारू शकते. बनावट कूपनं बनवून सोशल मीडियावरच्या ग्रुप्समधून ग्राहक गाठणाऱ्या व्हर्जिनियातल्या एका महिलेला २०२१ मध्ये १२ वर्षांची कैद झाली. या प्रकरणात ३ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं होतं. त्यामुळे ग्रुपवर कुणी कूपनं विकत असेल, तर लांब राहिलेलं बरं.

आणि कूपन आहे म्हणून नको असलेली वस्तू घेतली, तर ती बचत नव्हे, खर्चच.