घुमटामागचं आकाश कोणाचं?

आज आपण लंडनच्या आकाशरेषेकडे वळू. सेंट पॉल्स कॅथीड्रल १७१० च्या सुमारास पुरं झालं. उंची ३६५ फूट. पुढची सुमारे अडीचशे वर्षं त्याहून उंच इमारत या शहरात नव्हती. १९३३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजची फॅरडे बिल्डिंग उभी राहिली आणि थेम्सच्या बाजूने दिसणारं कॅथीड्रल झाकलं जाऊ लागलं. तेव्हा कॅथीड्रलचे वास्तुतज्ज्ञ गॉडफ्री ॲलन यांनी भोवतालच्या जागांना उंचीच्या मर्यादा आखून दिल्या. सुरुवातीला ती आपसातली समजूतच होती, कायदा नव्हे.

आता प्रश्न असा, की जमीन मालकाची, पण दृश्य कोणाचं? लंडनचं उत्तर होतं, सगळ्यांचं. फ्लीट स्ट्रीटवरून घुमट दिसावा म्हणून २०१४ ची लेडनहॉल बिल्डिंग मागे कललेली बांधली. पण २०१६ मध्ये रिचमंड पार्कच्या टेकडीवरून पाहणाऱ्यांना त्याच घुमटामागे दूरच्या स्ट्रॅटफर्डचा ४२ मजली टॉवर दिसू लागला. समोरची वाट राखली, मागची राहून गेली.

घुमट उठून दिसायला त्याच्यामागचं रिकामं आकाशही लागतं. ते कुणाच्याच सातबाऱ्यावर नसतं. म्हणून ते राखायचं काम आपल्या सगळ्यांवर येतं.