कुडाची भिंत आणि दगडाची भिंत

मंडळी, ह्या वीकेंडचा विषय जड आहे. अगदी शब्दशः जड, कारण सगळी गोष्ट वजनाचीच आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपेत. पहाटे ३:५६ ला किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. तीव्रता ६.२. जगाच्या हिशोबात हा काही महाभयंकर भूकंप नव्हे, तरीही सुमारे आठ हजार माणसं गेली. का? तिकडची घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात मस्त गार. पण अकरावीच्या फिजिक्समधलं आठवा: वस्तुमान जास्त तर बलही जास्त. भिंती ढासळल्या आणि ते सगळं ओझं झोपलेल्यांच्या अंगावर आलं.

पुढे सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन केलं. ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं भूकंपरोधक, रस्ते सरळ आणि रुंद. पण जुने वाडे, बोळ, दारातल्या गप्पा त्या आखणीत बसल्या नाहीत, शेतंही लांब पडली. जीव सुरक्षित झाला, गावपण मात्र परत रुजायला वेळ लागला.

आता डहाणू तालुक्यातल्या रानशेतकडे येऊ. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची माळच लागली. धुंदलवाडीचं नाव रोज बातम्यांत. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ चा. त्या दिवशी घाबरून पळापळ झाली आणि त्यात दोन वर्षांची एक मुलगी गेली. थंडीच्या दिवसांत लोक तंबूत झोपत होते.

किल्लारीच्या भूकंपात याच्या साधारण हजारपट ऊर्जा होती, त्यामुळे थेट तुलना करणं चूक. पण घरांची तुलना करता येते. वारल्यांचं जुनं घर म्हणजे लाकडी खांब, कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप. हलकं आणि लवचिक. हादऱ्यात तडे जातील, लेप गळेल, पण दगडाच्या राशीखाली गाडलं जाण्याची भीती नाही.

म्हणून सगळ्यांनी परत कुडात राहावं का? छे! दरवर्षी सारवायचं, वाळवीशी भांडायचं, पावसात गळती सोसायची, हे शहरात बसून दुसऱ्याला सांगणं सोपं आहे. पक्कं घर हवंसं वाटणारच, तो त्यांचा हक्कच आहे. प्रश्न एवढाच, की ते पक्कं म्हणजे नक्की कसं? विटांच्या भिंतीत जोत्याला आणि दारा-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात उभ्या सळया. एवढ्याने चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. पूर्ण घराच्या खर्चात हा खर्च फार नसतो, पण गिलावा झाला की दिसत नाही. आणि न दिसणारं काम वगळायचा मोह सगळ्यांनाच होतो, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर विचारूच नका.

किल्लारीत पट्टे आले ते आठ हजार माणसं गेल्यावर. डहाणूत जमिनीने आधीच दार वाजवलंय. इथे पट्टा भिंती उभ्या राहतानाच घालता येईल.