गाणं कुणाचं, नाव कुणाचं

गेल्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला आणि मग पेटीचा विषय निघाला. भजनी मंडळाची पेटी जुनी झाली, नवी घ्यायला गटातून कर्ज काढावं का, अशी चर्चा. बोलता बोलता आम्ही म्हणालो, पेटी मुळात आपली नाही, ती युरोपातून आली. कुणाला पटेना. पण खरंच आहे ते. पॅरिसमधल्या दबँ नावाच्या कारागिरानं १८४२ मध्ये तिची नोंदणी केली. ती पायानं हवा भरायची होती. हातानं भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी नंतर कलकत्त्यात झाली. तेव्हा एकीनं विचारलं, "गोऱ्यांनी गाण्याला अजून काय काय दिलं?" दुसरी म्हणाली, "आणि अमेरिकेनं?" आजचं बोलणं त्यावरच.

युरोपचं देणं डोळ्यांना दिसणारं आहे. पियानो इटलीतल्या क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास केला. सॅक्सोफोन बेल्जियमच्या साक्सनं. पण आमच्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे गाणं कागदावर लिहिणं. हजार वर्षांपूर्वी इटलीत ग्विदो नावाचा एक साधू होता. मठातल्या मुलांना एकेक गाणं पाठ करायला फार दिवस लागत. त्यानं रेघा आखल्या आणि सूर त्या रेघांवर मांडले. मग न ऐकलेलं गाणंही कागद बघून म्हणता येऊ लागलं. गाणारा मेला तरी गाणं राहिलं.

पण कागदावर कुणाचं नाव पडलं, हाही प्रश्न आहे. जर्मनीत फॅनी मेंडेल्सझोन नावाची बाई होती. भावाइतकीच हुशार, पण गाणी छापणं घरंदाज बाईला शोभत नाही असं वडिलांचं मत. तिची सहा गाणी भावाच्या, फेलिक्सच्या, नावानं छापली गेली. १८४२ मध्ये फेलिक्स लंडनच्या राजवाड्यात गेला, तर व्हिक्टोरिया राणीनं त्यातलंच एक गाणं आवडीनं म्हणून दाखवलं. त्याला कबूल करावं लागलं, की हे माझं नाही, बहिणीचं आहे. निदान कबूल केलं म्हणायचं!

आता अमेरिका. अमेरिकेचं देणं म्हटलं की मोठ्या शहरातली झगमग डोळ्यांसमोर येते. मूळ मात्र कापसाच्या आणि भाताच्या शेतात आहे. आफ्रिकेतून धरून आणलेली, विकत घेतलेली माणसं तिथं राबत होती. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात गुलामांनी ढोल वाजवत बंड केलं. पुढच्याच वर्षी कायदा आला, की गुलामांनी ढोल ठेवायचा नाही. मग त्यांनी अंगालाच वाद्य केलं. छातीवर थाप, मांडीवर थाप, पायांचा ठेका. या नाचाला जुबा म्हणत. आपल्या झिम्म्याला तरी कुठं ढोलकी लागते? पुढं सगळ्या जगाला डोलवणाऱ्या अमेरिकी ठेक्यांची मुळं अशा नाचात आहेत.

आणि गळ्यात गाणी होती. देवाची, सुटकेची, लेकरू तुटलं त्याची. १८६५ मध्ये गुलामी संपली आणि दोनच वर्षांत या गाण्यांचं पहिलं पुस्तक निघालं, १३६ गाण्यांचं. ते काढणाऱ्या तिघांत लुसी मॅकिम ही तरुण मुलगी होती. तिनं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, की गळ्यातली वळणं आपल्या रेघांत नीट बसत नाहीत. पुस्तकावर या तिघांची नावं आहेत, गाणाऱ्यांची नाहीत. इथं आपल्या ओव्यांची आठवण होते. पुण्याच्या हेमा राइरकर आणि फ्रान्सहून येऊन इथंच राहिलेले गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बायांची नावं-गावंही त्यांनी नोंदवली. त्याचं मोल या अमेरिकी पुस्तकाकडं बघितलं की कळतं.

आता एलाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती पैशाचीही आहे. एला शेपर्डचा जन्म १८५१ चा, गुलामीतला. बापानं पैसे साठवून आधी स्वतःला सोडवलं, मग ३५० डॉलर देऊन लेकीला. आईला विकते म्हणून मालकिणीनं कबूल केलं होतं, तिनं शब्द फिरवला. आई दूर गेली ती लढाई संपल्यावरच सापडली. एला पियानो शिकली आणि गाणंही, गाण्याचे धडे तर अंधार पडल्यावर आणि मागच्या दारानं, कारण काळ्या मुलीला शिकवतो हे दिसू द्यायचं नव्हतं.

नॅशव्हिल गावात सुटलेल्या गुलामांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली होती, जुन्या लष्करी इस्पितळाच्या बराकीत. ती कर्जात बुडाली. खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी ठरवलं, पोरं गातात छान, गाऊन पैसा उभा करू. ६ ऑक्टोबर १८७१ ला नऊ जण निघाले, पाच मुली आणि चार मुलगे. एला पियानोवर, आणि तालीम घेणारीही तीच. सुरुवातीला ते गोऱ्यांची गाणीच गात. आईबापांची गाणी चारचौघांत म्हणायची त्यांची तयारी नव्हती. ती त्यांच्यासाठी पवित्र होती आणि दुखरीही. पण तीच गाणी हळू आवाजात सुरू केली की सभागृह गप्प होई. उतरायला खोली मात्र मिळत नसे. टाळ्या वाजवणाऱ्या गावातलीच हॉटेलं त्यांना दारातून परत पाठवत.

पहिल्या दौऱ्यातून २०,००० डॉलर आले. १८७३ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि त्याच व्हिक्टोरिया राणीपुढं गायले. त्या पैशातून शाळेची मोठी इमारत झाली, जुबिली हॉल. ती अजून उभी आहे आणि लंडनमध्ये काढलेलं त्यांचं मोठं चित्र तिथं लावलेलं आहे. आमच्या गटातली कुणीही विचारेल, गाणाऱ्यांना काय मिळालं? सुरुवातीला काहीच नाही. आवाज बसले, तब्येती खालावल्या आणि १८७८ मध्ये तो संघ मोडला.

युरोपनं ती गाणी ऐकली आणि मानली. अमेरिकेतल्या मोठ्या लोकांना मात्र आपलं ते हलकं वाटत होतं. न्यूयॉर्कमध्ये किराण्याच्या ठोक व्यापाऱ्याची बायको, जेनेट थर्बर, हिनं १८८५ मध्ये संगीताची शाळा काढली. बायकांना आणि काळ्या मुलांनाही प्रवेश दिला. ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १८९२ मध्ये तिनं वर्षाला १५,००० डॉलर कबूल करून प्रागहून द्वोर्झाक यांना आणलं. हे खेड्यातल्या खाटकाचे चिरंजीव, तेव्हाचे नामांकित संगीतकार. त्याच शाळेत हॅरी बर्ली शिकत होता. त्याचे आंधळे आजोबा गुलामीत वाढलेले, गाणी त्यांच्याकडून मिळालेली. द्वोर्झाक त्याला घरी बोलावून ती गाणी ऐकत. मग वर्तमानपत्रात त्यांनी सांगून टाकलं, की अमेरिकेला स्वतःचं संगीत उभं करायचं असेल तर ते या काळ्या लोकांच्या गाण्यांवरच उभं राहील. सांगायला बाहेरचा माणूस लागला! आपल्याकडंही असं होतंच.

ते खरं करून दाखवलं एका बाईनं. फ्लॉरेन्स प्राइस, जन्म १८८७. बोस्टनला युरोपी पद्धतीनं लिहायला शिकली. पुढं घटस्फोट झाला, दोन मुली पदरात, मूकपटांच्या थिएटरात ऑर्गन वाजवून पोट भरायची. तिच्या मोठ्या वाद्यवृंदाच्या रचनेत चार भाग आहेत आणि तिसऱ्या भागाचं नाव जुबा. जो ठेका छातीवर आणि मांडीवर वाजत होता, तो तिनं ग्विदोच्या रेघांवर आणला. १९३३ मध्ये शिकागोच्या मोठ्या वाद्यवृंदानं ती रचना वाजवली. काळ्या बाईची एवढी मोठी रचना अशा नामांकित वाद्यवृंदानं वाजवण्याची ही पहिलीच वेळ. आम्हाला विचाराल तर युरोप आणि अमेरिकेच्या देण्याची बेरीज इथं दिसते.

पुढं दारं पुन्हा बंद झाली. १९४३ मध्ये बोस्टनच्या वाद्यवृंदप्रमुखाला पत्र लिहिताना तिनं सुरुवातीलाच सांगितलं, की माझ्या वाटेत दोन अडचणी आहेत, मी बाई आहे आणि माझ्या अंगात काळ्यांचं रक्त आहे. १९५३ मध्ये ती गेली. २००९ साली सेंट ॲन नावाच्या गावात एका जोडप्यानं पडकं घर दुरुस्तीला काढलं. ते प्राइसबाईंचं उन्हाळ्यातलं घर होतं. आत कागदांचे गठ्ठे सापडले. त्यांनी एकेक पान उलटून पाहिलं, तर पानापानावर तेच नाव.