पडद्यावरची भिंत



नेवासे हे आपल्याच जिल्ह्यातील गाव. ज्ञानेश्वरी तेथे सांगितली गेली. 'प्रभात'ने १९४० साली काढलेल्या 'संत ज्ञानेश्वर' या बोलपटात ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक हेही नगरचेच. त्यांचा जन्म येथे १९१८ साली झाला. चांगदेवांना सामोरी जाणारी भिंत पडद्यावर चालू लागते, तेव्हा भाविकाला चमत्कार दिसतो. इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचे ते एवढेच की, पडद्यावर हलते ते नेमके काय?

या प्रश्नाचे महाराष्ट्रातील पहिले ठळक उत्तर कल्याणास मिळते. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. लुमिएर बंधूंची चित्रे मुंबईस आली १८९६ साली आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली. तेव्हा हे काम त्यांच्याही आधीचे. काचपट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे, आकृतीभोवतीचा भाग काळा, आणि जोडीला निवेदन व संगीत. काच सरकविली की आकृती सरके. एका काचेवर दुसरी हलविली की आकृतीचे अवयव हलत. कंदील पडद्यापासून दूर नेला की चित्र मोठे होते, हा तर यंत्राचाच नियम. भिंगातून प्रतिमा उलटी पडते, म्हणून काचपट्टी मुळातच डोके खाली करून बसवावी लागे. इतके सारे होऊनही काचेवरचे चित्र तसूभर बदलत नसे. बदले ते त्याचे पडद्यावरचे दर्शन.

संगणकावर चित्राचे स्थान, माप व कल बदलण्याचा इतिहास सांगणारे सामान्यतः आयव्हन सदरलंड यांच्या १९६३ च्या 'स्केचपॅड'पासून आरंभ करतात. त्यात वावगे नाही. कंदीलवाल्याच्या हातात कसब होते, पण एका हालचालीत दुसरी मिसळण्याचे गणित नव्हते. फिरविणे व मोठे करणे अंकांच्या चौकटीने, म्हणजे मॅट्रिक्सने, गुणून साधते. सरकविणे मात्र त्यात बसत नाही. बिंदूच्या दोन अंकांस तिसरा जोडला की तेही बसते. या युक्तीचे मूळ म्योबियस यांच्या १८२७ च्या ग्रंथात आहे. मग कितीही हालचाली असोत, त्यांची एकच चौकट होते.

क्रम मात्र पाळावा लागतो. 'चार पावले पुढे जा, मग उजवीकडे वळा' आणि 'उजवीकडे वळा, मग चार पावले पुढे जा' या दोन सूचनांनी माणूस दोन निरनिराळ्या जागी पोचतो. नवशिक्यांची निम्मी दमछाक येथेच होते, असे माझे मत आहे.

आजच्या वेबपानावरील कळ अशी फिरविली किंवा सरकविली, तरी पानाच्या मांडणीत तिची मूळ जागा तशीच राखलेली असते. शेजारचा मजकूर हलत नाही. काचपट्टीचाच हा न्याय! पण खरोलिकेच्या पडद्याला कोणी बोट लावून काही मागत नव्हते. येथे बोट फिरविलेल्या कळेवर टेकते, आणि ते मुळातल्या कोणत्या बिंदूवर टेकले हे कळण्यासाठी यंत्राला तीच चौकट उलटी चालवावी लागते. कळ शून्य मापाची केली तर उलटी चौकट उरतच नाही, आणि मग ती दिसतही नाही व दाबताही येत नाही.

या हालचालींचा त्रासही होतो. २०१३ साली आयफोनच्या सातव्या प्रणालीत पडदा पुढे झेपावू लागला, तेव्हा घेरी व मळमळ यांच्या तक्रारी आल्या. हालचाल कमी करण्याची सोय त्याच वर्षी वाढविण्यात आली. पुढे वेबपानांनाही वाचणाऱ्याची ही इच्छा विचारता येऊ लागली. ती विचारावयाची की नाही, हे पान लिहिणाऱ्याच्या हाती आहे, आणि पुष्कळ जण आजही विचारीत नाहीत.